मनाला लागलेली गोळी: 'शेल शॉक' ते पीटीएसडी

आज बोलूया सैनिकांच्या अशा जखमेबद्दल, जी एक्स-रेमध्ये दिसत नाही.

पहिलं महायुद्ध. खंदकातून असे सैनिक दवाखान्यात येऊ लागले, ज्यांना कुठेही जखम नाही. पण हातपाय थरथरतायत, कुणाची वाचा गेलीय, कुणाला दिसत नाही. १९१५ साली डॉ. चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये अशा रुग्णांबद्दल लिहिलं आणि 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात आला. अंदाज असा, की तोफगोळा जवळ फुटला आणि मेंदू हादरला. पण ज्यांच्याजवळ गोळा फुटलाच नव्हता, त्यांनाही तोच त्रास! म्हणजे घाव मनावर होता.

मग सैन्याने काय केलं? १९१७ मध्ये ब्रिटिश सैन्याने कागदपत्रांत हा शब्द वापरण्यावरच बंधन घातलं. शब्द गेला, आजार तिथेच राहिला. त्या युद्धात पळून जाणं, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली माफी दिली. त्यांच्यातले काही जण आजारी होते, असं आज मानलं जातं. नव्वद वर्षं घरच्यांनी 'भित्र्याचं कुटुंब' हा शिक्का सोसला, बोला!

पुढे व्हिएतनाममधून परतलेले अमेरिकन सैनिक आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले डॉक्टर लढले. १९८० मध्ये पीटीएसडी हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आलं. नाव मिळालं, की 'हा असाच आहे'च्या जागी 'याला उपचार लागतील' असं म्हणता येतं. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

आता आपल्याकडे या. सातारा, कोल्हापूर भागात गावोगावी मिल्ट्रीतले दादा, काका आहेत. सुट्टीवर आले की आपण पहिलं काय विचारतो? "बॉर्डरवर काय काय बघितलंत? सांगा ना!" पण दिवाळीत सुतळी बॉम्ब फुटला की कुणी दचकून उठतं, कुणाची झोप उडालेली असते, कुणी माणसांत बसायचंच टाळतं. म्हणजे प्रत्येकाला पीटीएसडी आहे असं नाही हं. ते डॉक्टर ठरवतील. पण असं महिनाभर चाललं, तर "फौजी असून घाबरतोस?" हे वाक्य तेवढं गिळून टाका. १९१७ मध्ये सैन्याने जे केलं, तेच आपण घरात करत असतो.

त्याऐवजी म्हणा, "झोप लागते का? मी येऊ का सोबत डॉक्टरांकडे?" बोलून करायचे उपचार आहेत, औषधं आहेत, आणि अनेकांना त्यांनी आराम पडतो. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात एएफएमसीमध्ये सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्षही सुरू झालाय.

तो नंबर आत्ताच सेव्ह करा, आणि घरच्या फौजीला फक्त गप्पा मारायला एक फोन लावा. भेटू पुढच्या भागात!