आधी विचारा, मग हात लावा



या शहराची ओळख जगभर नेणारी इमारत एका बाळंतिणीची कबर आहे. दिलरस बानू बेगमला ११ सप्टेंबर १६५७ रोजी मुलगा झाला आणि ८ ऑक्टोबरला, सव्वा महिनाही पुरा व्हायच्या आत, ती गेली. बीबी का मकबरा तिचाच. बादशाही घरातल्या बाईलाही बाळंतपण झेपलं नाही असा तो काळ होता. आज घाटीसारख्या सरकारी रुग्णालयात मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून बायका येतात आणि बाळ कडेवर घेऊन घरी जातात. रक्त तपासलं जातं, वजन होतं, सोनोग्राफी होते, लोहाच्या गोळ्या मिळतात. मात्र तिच्या चेहऱ्याला काय लागतं, हे कोणत्याही केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

ते माहीत असतं पार्लरवालीला. गरोदर बाई डॉक्टरांसमोर दहा मिनिटं बसते. डोहाळजेवणाच्या आधी पार्लरमध्ये तासभर असते. गालावर वांग आलाय, मान काळवंडलीय, पोटावर रेघा उमटल्यात, हे ती तिथे मोकळेपणाने सांगते. म्हणून या व्यवसायावर एक जबाबदारी येते आणि ती आजवर कोणी नीट समजावून दिलेली नाही.

वांगाचंच घ्या. गरोदरपणात संप्रेरकं वाढतात, त्वचेतलं रंगद्रव्य जास्त तयार होतं, त्यात एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशीपार जातो. गाल, कपाळ, वरचा ओठ यांवर तपकिरी डाग येतात. बहुतेकींचे डाग बाळंतपणानंतर काही महिन्यांत फिके पडतात. पण तेवढा धीर कोणाला? शेजारीण सांगते, मेडिकलमधून ती ट्यूब आण. त्या ट्यूबमध्ये बहुधा तीन औषधं एकत्र असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड. हायड्रोक्विनोन लावल्यावर त्याचा साधारण ३५ ते ४५ टक्के भाग त्वचेतून शरीरात जातो. ट्रेटिनॉइन अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्याच कुळातल्या आयसोट्रेटिनॉइनच्या मुरुमांवरच्या गोळ्यांनी गर्भात गंभीर व्यंगं होतात. म्हणून दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी त्या बंद कराव्या लागतात. क्रीममधून फार थोडं शरीरात जातं हे खरं, तरी गरोदरपणात ते टाळायचंच असा वैद्यकीय सल्ला आहे. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते, लाल पडते आणि ट्यूब सोडली की आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरीही चिठ्ठी न मागता ट्यूब हातात पडते आणि पुष्कळदा ती सुचवणारी व्यक्ती आपल्या पार्लर व्यवसायातलीच असते.

ट्यूबवर निदान नावं छापलेली असतात. लेबल नसलेली डबी त्याहून वाईट. २०२३च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या एका तरुणीने स्थानिक ब्यूटिशियनकडून गोरं करणारं क्रीम घेतलं. चेहरा उजळला म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. पुढे तिघींचीही मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात क्रीमची तपासणी झाली, तेव्हा त्यात पारा निघाला. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतल्या १५ जणांत एक विशिष्ट प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण अशी क्रीमं लावत होते. तो अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे.

ही उदाहरणं गरोदरपणातली नव्हेत. पण पारा वारेतून गर्भापर्यंत पोचतो आणि दुधातही उतरतो. आईच्या गालाला गाल लावणाऱ्या, तिचा चेहरा चाटणाऱ्या तान्ह्याला तर क्रीम थेटच मिळतं. क्रीम न लावणाऱ्या घरच्यांच्या शरीरातही पारा सापडल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. आपल्याकडे २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार मुद्दाम पारा घालायला परवानगी नाही. डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांचा तेवढा अपवाद आहे. म्हणजे नियम आहे. नावगाव नसलेल्या डबीवर तो कसा बजावणार? ती डबी पार्लरच्या कपाटात नसणं, हाच त्यावरचा उपाय.

मग गरोदर बाईला परत पाठवायचं का? मुळीच नाही. थ्रेडिंग, साधं फेशियल, खरी मेंदी, नेहमीचं मॉइश्चरायझर यांत घाबरण्यासारखं काही नाही. वॅक्सिंगही चालतं, त्वचा नाजूक झालेली असते, एवढं ध्यानात ठेवायचं. उन्हासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन आणि आपल्या स्कूटीवाल्या मुलींचा तोंडभर स्कार्फ, ही वांगावरची उत्तम जोडी. मुरुमांसाठी अझेलेइक ॲसिडसारखी सुरक्षित मानलेली औषधं आहेत. ती डॉक्टरांना लिहू द्या. केस रंगवायचे तर पहिले तीन महिने जाऊ द्यावेत. तासाभरात काळी रंगणारी मेंदी मात्र नको, त्यात पीपीडी हे रसायन असतं. केस सरळ करणारी केराटिन ट्रीटमेंटही नको, तिच्या वाफेत फॉर्मेल्डिहाइड असू शकतं. फॉर्मेल्डिहाइड नाही म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या क्रीमने मूत्रपिंडाला इजा झाल्याचं प्रकरण २०२४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं.

फेशियलच्या खाटेकडेही बघा. पाच महिने उलटले की बाईला सपाट उताणी झोपवायचं नाही. गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या शिरेवर येतो, रक्तदाब उतरतो, घेरी येते. पाठीशी दोन उशा द्या, डाव्या कुशीकडे थोडं कलतं ठेवा. खर्च शून्य आहे.

एक लक्षण तर पार्लरमध्येच सगळ्यांत आधी कळू शकतं. सातव्या-आठव्या महिन्यातली बाई पेडिक्युअरला बसते आणि सांगते, तळहात-तळपायांना फार खाज येते, रात्री झोप लागत नाही. पुरळ काहीच नाही. अशा वेळी चंदनाचं क्रीम चोळून घरी पाठवू नका. हा यकृताचा त्रास असू शकतो. त्यात पित्ताम्ल रक्तात साठतं आणि वाढलं तर बाळाच्या जिवाला धोका होतो. रक्ताच्या तपासणीत तो कळतो. तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे धाडा.

बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस पुंजक्याने गळतात आणि बाळ वर्षाचं होईस्तोवर बहुतेकींचे सावरतात. त्या घाबरलेल्या बाईला महागडं पॅकेज विकणं हा अन्याय आहे. मालिशवाल्या मावशींचे हात बाळंतिणीला खरंच बरे वाटतात, ते थांबवायचे नाहीत. फक्त सिझेरियनच्या टाक्यांपासून ते दूर हवेत. बाळंतिणीच्या खोलीत दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवणं मात्र बंद व्हायलाच हवं. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आई आणि बाळ दोघंही झोपेतच गुदमरू शकतात.

तेव्हा, सौंदर्यतज्ज्ञ भगिनींनो, या संमेलनातून एक काम घेऊन जा. प्रत्येक पार्लरच्या नोंदवहीत दोन प्रश्न छापा: दिवस गेलेत का? बाळाला अंगावर पाजता का? उत्तर हो असेल, तर लेबल नसलेलं काहीही तिच्या अंगाला लावू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी होते, तेही त्याच पानावर लिहून ठेवा आणि तिला सांगा.