दोन शेळ्या आणि एक आजी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मूल कार्टून बघता बघता मुकाट जेवतं, हे आज घरोघरच्या आयांना ठाऊक आहे. त्यातली हिंदी वाक्यं ते जशीच्या तशी उचलतं, याचं आपण कौतुकही करतो. मग ज्या आदिवासी भाषा हळूहळू थोरामोठ्यांपुरत्याच उरत चालल्या आहेत, त्या पोरांच्या तोंडी आणायला या चित्रांची मदत का घेऊ नये? काही देशांत असे प्रयत्न झाले आहेत. त्यांतून काय साधतं आणि काय साधत नाही, ते आज पाहू.

अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण डकोटा राज्यांत लाकोटा ही मूळ रहिवाशांची भाषा आहे. तिथल्या मुलांना एके काळी निवासी शाळांत नेऊन ठेवत आणि तिथे त्यांना आपली भाषा बोलू देत नसत. त्यामुळे ती आजीकडून नातवाकडे जायची थांबली. २०११ मध्ये ‘बेरेन्स्टीन बेअर्स’ या अस्वलांच्या कुटुंबावरच्या मालिकेचे २० भाग लाकोटात आणले गेले. नावही नवं दिलं, त्याचा अर्थ ‘कनवाळू अस्वलांचं कुटुंब’.

न्यूझीलंडमध्ये २०१७ साली ‘मोआना’ हा चित्रपट माओरी भाषेत आला, आणि २०२२ मध्ये ‘लायन किंग’ व ‘फ्रोझन’ही आले. पण तिथली एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. १९८२ पासून तिथे ‘कोहांगा रेओ’, म्हणजे ‘भाषेची घरटी’ नावाच्या बालवाड्या चालतात. तिथे मोठी माणसं चिमुरड्यांशी फक्त माओरीतच बोलतात. घरटी आधी बांधली गेली, चित्रपट पस्तीस वर्षांनी आले.

हा क्रम का महत्त्वाचा? अमेरिकेतल्या संशोधक पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना १२ बैठकांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांशी प्रत्यक्ष माणूस खेळत, बोलत होता. काहींना तेच पडद्यावर दाखवलं. माणसासोबत बसलेल्या बाळांना चिनी ध्वनींतले फरक ओळखता येऊ लागले. पडद्यासमोरच्या बाळांना ते जमलं नाही. थोडी मोठी मुलं पडद्यावरून शब्द उचलतात, हे खरं. पण बोलायला शिकायचं तर समोर उत्तर देणारं माणूस लागतं.

आता आपल्या मेळघाटाकडे वळू. तिथल्या कोरकू भाषेचं नातं मराठीशी नाही, दूर झारखंडातल्या संथाळी-मुंडारीशी आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून साधारण सव्वासात लाख लोकांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. म्हणजे आपल्याकडे अजून वेळ आहे आणि बोलणारी माणसंही आहेत.

या भाषेत संस्कृतसारखं द्विवचन आहे. शेळी एक आहे, दोन आहेत की जास्त, हे शब्दाच्या शेवटावरून कळतं. चित्रात हे किती सोपं होईल बघा! एक शेळी येते, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी शब्दाचं शेपूट बदलतं. व्याकरण न समजावता पोराला कळतं. पण हीच गोष्ट आधी मराठीत लिहून मग तिचं भाषांतर केलं, तर गोची होते. आपल्याला दोन असोत की दहा, ‘शेळ्या’च. म्हणून गोष्ट मुळात कोरकूतच रचावी, गावातल्या एखाद्या आजीकडून सांगून घ्यावी, तिचा आवाज आधी ध्वनिमुद्रित करावा आणि चित्रं त्या आवाजाच्या चालीवर हलवावीत.

यासाठी मोठा स्टुडिओच हवा असं नाही. कागदाची कापलेली चित्रं थोडी थोडी सरकवत मोबाईलवर एकेक फोटो काढत गेलं, तरी दोन-तीन मिनिटांची फिल्म होते. शब्द मोजकेच घ्यावेत आणि ते पुन्हा पुन्हा यावेत. सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे, पडद्यावरच्या पात्राने प्रश्न विचारला की चार-पाच सेकंद गप्प राहावं. ती जागा पोराच्या उत्तरासाठी राखलेली असते. शेजारी आजी किंवा अंगणवाडीताई बसलेली असेल, तर पोर चुकलं-अडखळलं तरी ती सावरून घेईल.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये, शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं, असं म्हटलं आहे. तिथपर्यंत पोचायचं तर सुरुवात अंगणवाडीतच व्हायला हवी. तेव्हा अशी फिल्म किती जणांनी पाहिली, हे मोजत बसू नका. फिल्म संपल्यावर पोराने आजीला कोरकूत काही विचारलं का, आणि आजीने कोरकूतच उत्तर दिलं का, तेवढं बघा.