पाच हजार वॉटचा स्पीकर आणि मागच्या रांगेतल्या आजी

गणपती तोंडावर आले की ओळखीतल्या चार-पाच जणांचा मला एकच मेसेज येतो. ‘भाई, स्पीकर घ्यायचाय, किती वॉटचा घेऊ?’ मी सॉफ्टवेअरवाला माणूस, दिवसभर कोड लिहितो. पण बी.टेक. झालंय म्हटल्यावर पंख्याच्या रेग्युलेटरपासून मंडळाच्या अँप्लिफायरपर्यंत सगळं याला कळतं, असा लोकांचा समज. त्या समजापायी दोन वर्षांपूर्वी मी सोसायटीच्या वर्गणीतले साडेनऊ हजार रुपये जवळजवळ पाण्यात घातले होते.

झालं असं. खजिनदार काका म्हणाले, ‘अरे इंजिनिअर, दरवर्षी भाडं भरण्यापेक्षा एक चांगला स्पीकर घेऊन टाकू. बघ तू.’ मी ऑनलाइन बघितलं. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ५००० वॉट. शेजारी बारीक अक्षरांत पीएमपीओ. ते बारीक अक्षरांतलं मी वाचलं, आणि सोडून दिलं. खोटं कशाला बोलू.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलांचं अथर्वशीर्ष होतं. मांडव पार्किंगमध्ये, पुढून मागेपर्यंत साधारण १६ मीटर. दुसरीतली एक मुलगी एकटी म्हणत होती आणि तिची आजी शेवटच्या रांगेत बसलेली. मुलगी निम्म्यावर आली तेव्हा आजी शेजारच्यांना विचारतायत, ‘झालं का सुरू?’

काकांनी माझ्याकडे असं बघितलं ना... आणि जाऊन व्हॉल्यूम फुल्ल केला. आवाज वाढला नाही, फाटला. पुढचे दोन दिवस तो तसाच फुल्लवर चालला आणि तिसऱ्या दिवशी गोधडीखालून कोणी बोलतंय असा आवाज यायला लागला. स, श, च, काहीच कळेना.

स्पीकर रिक्षात घालून मी बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका रिपेअरवाल्या काकांनी स्पीकरकडे बघितलंच नाही. आधी अ‍ॅडॅप्टर उलटा केला. ‘साहेब, हे वाचलं होतं का?’

त्यावर लिहिलेलं: १२ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार करा. ३६ वॉट. भिंतीतून आत येणारी वीजच जर जास्तीत जास्त ३६ वॉट असेल, तर बाहेर ५००० कुठून येणार? काही तरी मिलिसेकंद कपॅसिटरमधली साठवलेली वीज थोडा जास्त झटका देते, ते ठीक. पण सतत आवाज काढायचा तर आत येतं त्यापेक्षा कमीच बाहेर जाणार. आमच्या डब्यातून स्पीकरपर्यंत खरे वीसेक वॉट पोचत असतील.

पीएमपीओ म्हणजे पीक म्युझिक पॉवर आउटपुट. ऐकायला भारी वाटतं, पण तो कसा मोजायचा याचं कुठलंही प्रमाण नाही. कंपनीला वाटेल तो आकडा. अमेरिकेत तर असल्या आकड्यांचा इतका सुळसुळाट झाला होता की १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनला घरगुती अँप्लिफायरची पॉवर कशी मोजून सांगायची याचा नियमच करावा लागला. आपण बघायचा तो आकडा आरएमएस नावाने छापलेला असतो, म्हणजे सतत देता येणारी पॉवर. त्यातही सोबत दोन गोष्टी बघा. एक, किती ओहमवर, कारण तोच अँप्लिफायर ८ ओहमपेक्षा ४ ओहमच्या स्पीकरला जवळपास दुप्पट वॉट देऊ शकतो. दोन, किती टक्के डिस्टॉर्शनला. १० टक्के लिहिलं असेल तर तो आकडा आवाज चांगलाच फाटल्यावरचा आहे असं समजा.

आता माझी खरी चूक. मला वाटायचं वॉट दुप्पट की आवाज दुप्पट. तसं नसतं. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला फरक कळतो, पण ‘अरे वा’ असं होत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी पॉवर दहापट लागते. म्हणजे ५० वॉट आणि १०० वॉट यांतला फरक दुकानदार सांगतो तेवढा मोठा नाही.

मग फरक कशाने पडतो? सेन्सिटिव्हिटीने. स्पीकरला १ वॉट दिला आणि १ मीटरवर उभं राहून मोजलं तर किती डेसिबल येतात, तो हा आकडा. आमच्यासारख्या छोट्या डब्याचा साधारण ८४ धरा. सभेत लावतात त्या मोठ्या पीए स्पीकरचा ९७च्या आसपास असतो. मधला फरक १३ डेसिबल, म्हणजे पॉवरमध्ये वीसपट! थोडक्यात आमचा डबा वीस वॉट खाऊन जीव तोडून जेवढा ओरडत होता, तेवढा आवाज तो पीए स्पीकर एका वॉटमध्ये काढतो. हे गणित मी रिपेअरच्या दुकानातल्या स्टुलावर बसून मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर केलं आणि मला लाज वाटली.

आता आजींपर्यंतचा प्रवास. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल गळतात. १ मीटरवरून २, ४, ८, १६: चार वेळा दुप्पट, २४ डेसिबल गेले. आमच्या डब्याचे १ मीटरवरचे ९७, आजींपाशी पोचेपर्यंत ७३. पत्र्याचा मांडव, भिंती वगैरेंमुळे थोडं इकडेतिकडे होईल. पण पोरांचा दंगा आणि प्रसादाची गडबडच सत्तरीत असते, आणि बोलणं नीट कळायला ते कलकलाटाच्या दहा-पंधरा डेसिबल वर हवं. कसं ऐकू येणार?

आणि स्पीकर जळला का? मला वाटलं जास्त पॉवरने. काका हसले. ‘कमी पॉवरने जळला, साहेब.’ अँप्लिफायरकडे व्होल्टेज संपलं की तो लाटेचा माथा सपाट कापतो. याला क्लिपिंग म्हणतात. पार चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते, शिवाय वरच्या पट्टीचा कचरा तयार होतो आणि तो सगळा ट्विटरकडे जातो. ट्विटरची कॉईल केसासारखी बारीक, तिला थोडेच वॉट झेपतात. फुल्ल व्हॉल्यूमवर दोन दिवस, आणि ती गेली. काकांनी साडेतीनशे रुपयांत नवा ट्विटर बसवून दिला.

थोडं तुमच्या कानातल्या इअरफोनबद्दलही सांगतो. तिथे वॉट नाही, मिलिवॉटचा हिशेब असतो. बऱ्याच इअरफोनला १ मिलिवॉट, म्हणजे वॉटचा हजारावा भाग, मिळाला की १०० डेसिबलच्या आसपास आवाज होतो. अमेरिकेतली नायॉश ही संस्था कामगारांसाठी जी मर्यादा सांगते, तिच्या हिशेबात ८५ डेसिबल दिवसाला ८ तास चालतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. हा एपिसोड बसमध्ये फुल्लवर ऐकत असाल तर आत्ता दोन घरं खाली या, मला राग येणार नाही.

असो, तर गेल्या वर्षी काय केलं. मी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की चूक माझी होती, खोका वाचण्यात. काका ‘हं’ एवढंच म्हणाले. पुढच्या बाजूला एक पीए स्पीकर अँप्लिफायरसकट भाड्याने आणला. आणि आमचा तो पाच हजारी डबा? तो फेकला नाही. मिक्सरमधून लांब वायर ओढून मागच्या रांगेपासून ४ मीटरवर ठेवला, व्हॉल्यूम निम्म्याच्या खाली. १६ मीटरचे ४ मीटर झाले म्हणजे १२ डेसिबल फुकटात मिळाले, नाहीतर त्यासाठी सोळापट पॉवर लागली असती. पुढचा आवाज तिथपर्यंत यायला ३५ मिलिसेकंद जास्त लागतात, त्यामुळे थोडा दुहेरीपणा जाणवतो, पण शब्द कळतात. रात्री दहाला दोन्ही बंद. तो कायदाच आहे, आणि वरच्या मजल्यावर एक तान्हं बाळ होतं.

ती मुलगी आता तिसरीत गेली होती. तिने पुन्हा एकटीने म्हटलं, न अडखळता. संपल्यावर आजींनी मला हाक मारली. मी धावत गेलो, म्हटलं, आता काय राहिलं? म्हणाल्या, ‘बाळा, तो माझ्याजवळचा जरा बारीक कर, कानात घुसतोय.’