जुन्या डिझेल इंजिनाकडून जादा पाणी कसे घ्याल?



मी पीकशास्त्र शिकवतो. इंजिन हा खरे तर आमच्या कृषी अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांचा विषय. परंतु गव्हाला १८ ते २१ दिवसांनी मुकुटमुळे फुटताना आणि रब्बी ज्वारीला ५० ते ५५ दिवसांनी पोटरीत असताना पाणी हुकले, तर नंतर कितीही पाणी देऊन ते नुकसान पुरते भरून येत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात इंजिन काळा धूर ओकू लागते आणि दांडाला पाणी पुढे सरकत नाही. म्हणून आज इंजिनाविषयीच बोलतो.

आपल्या परभणी जिल्ह्यात विजेचे पंप वाढले, सौर पंपही आले. तरी गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठी, किंवा वीज भरवशाची नाही अशा विहिरींवर, पाच अश्वशक्तीचे जुने इंजिन अजून कामाला येते. पाणी कमी पडू लागले की आपण मिस्त्रीला सांगतो, "तेल वाढव, फेरे वाढव." मिस्त्री फ्युएल पंपाचे सील तोडून स्क्रू फिरवतो. आवाज वाढतो, धूर वाढतो, पाणी मात्र थोडेसेच वाढते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पंपाचे फेरे दहा टक्क्यांनी वाढवले तर पाणी सर्वसाधारणपणे दहा टक्के वाढते, पण त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते. आधीच ओझ्याखाली असलेल्या इंजिनाला ती आणायची कोठून? जास्तीचे डिझेल अर्धवट जळून धुराड्यातून जाते.

तेव्हा इंजिनाला हात लावण्यापूर्वी पाण्याची वाट पाहावी. पहिला संशय फूट व्हॉल्व्हवर घ्यावा. आपण त्याला 'फुटबॉल' म्हणतो, आणि तो बहुधा दुकानातला सर्वांत स्वस्त घेतो. त्याची भोके लहान असली, त्यात शेवाळ अडकले, की पंप पाण्यासाठी धापा टाकतो. व्हॉल्व्हच्या जाळीच्या भोकांचे एकूण क्षेत्रफळ पाइपाच्या तोंडापेक्षा बरेच मोठे असावे. मग पाइप पाहावा. तीन इंचीऐवजी अडीच इंची पाइप लावला, तर तेवढ्याच पाण्याला घर्षण सुमारे अडीचपट होते. गंजलेल्या जुन्या लोखंडी पाइपात ते आणखी वाढते. काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड घ्यावा. पाणी टाक्यात वा दांडात सोडताना पाइप विनाकारण पुरुषभर उंच नेऊन वरून धार सोडण्याची हौस अनेकांना असते. दिसायला छान दिसते, पण त्या प्रत्येक फुटाचे डिझेल आपल्याच खिशातून जाते.

पंप पाण्यापासून फार उंच ठेवू नये. सक्शनची उंची सहा मीटरच्या आत असावी. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप खाली उतरवण्याची सोय विहिरीतच करून ठेवावी. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडणे ठीक, पण हवा ओढली जात असेल तर दोरी बदलावी.

पंपाचे फेरेही मोजून घ्यावेत. जुने संथ इंजिन मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या आसपास चालते, पंपाला मात्र बहुधा १,४४० ते १,५०० फेरे लागतात. इंजिनाचे फेरे गुणिले त्याच्या पुलीचा व्यास, याला पंपाच्या फेऱ्यांनी भागले की पंपाच्या पुलीचा व्यास मिळतो. घरात पडून असलेली पुली बसवली तर हिशेब चुकतो. पट्टा सैल असेल तर तो घसरतो, तापतो. फार ताणला तर बेअरिंग जाते.

आता इंजिन. धुराचा रंग पाहावा. काळा धूर म्हणजे ओझे जास्त, हवेचा फिल्टर चोंदलेला किंवा नोझल खराब. निळसर धूर म्हणजे वंगण तेल जळते आहे, रिंगा व लायनर तपासावेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी शिरते आहे. नोझल दाबयंत्रावर तपासून घ्यावे. फवारा धुक्यासारखा हवा, धार नको. टॅपेटचे अंतर आणि इंजेक्शनची वेळ कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावी.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक पाहतात. पंपाच्या पाण्याची नळी सरळ इंजिनाला जोडून गार पाण्याचा मारा केला जातो. इंजिन गार म्हणजे चांगले, असा समज आहे. प्रत्यक्षात फार गार इंजिनात डिझेल पुरते जळत नाही आणि सिलिंडर व रिंगा लवकर झिजतात. बाहेर पडणारे पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअस असावे, म्हणजे त्याखाली बोट फार वेळ धरवणार नाही. नळीवर कॉक बसवला की हे साधते. मला विचाराल तर सर्वांत स्वस्त दुरुस्ती हीच.

ही यंत्रे मोठी चिवट असतात. १९८० च्या दशकात बांगलादेशात ओलिताची अशीच छोटी इंजिने लाकडी होड्यांवर चढली आणि शिडांची जागा त्यांनी घेतली. म्हणून जुने इंजिन भंगारात घालण्यापूर्वी मोजून पाहावे. २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो आणि तासाला किती डिझेल जाते, एवढेच वहीत लिहावे. समजा ड्रम २५ सेकंदांत भरला आणि तासाला १.३ लिटर डिझेल गेले, तर लिटरमागे सुमारे २२ हजार लिटर पाणी मिळाले. दुरुस्तीनंतर २० सेकंद आणि १.१ लिटर झाले, तर तेच सुमारे ३२,७०० लिटर. एका वेळी एकच बदल करून पुन्हा मोजावे, म्हणजे कोणत्या खर्चाने काय दिले ते कळेल.

हे काम गव्हाची पेरणी होण्याआधी उरकावे. ऐन पाळीच्या वेळी मिस्त्री मिळत नाही, आणि मिळाला तरी घाईत तोच स्क्रू फिरवून जातो.