वारा, ऊन आणि वाटणी



विजेवर बोलावयास इंजिनिअर सोडून कामगार संघटनेच्या माणसाला बोलावले, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. हिशेब शिकलो तो पगारपत्रकावर, आणि यंत्रांविषयी जे वाचले ते वाचनालयाची पुस्तके रात्री घरी नेऊन. परंतु वारा आणि ऊन यांवर चालणारी स्वतंत्र वीजयोजना एखाद्या वाडीने आखावयाची म्हटली, म्हणजे निम्मा प्रश्न यंत्राचा आणि निम्मा वाटणीचा असतो; आणि वाटणी हा तर आमचा जन्माचा विषय.

आरंभ यंत्रापासून करू नये, गरजेपासून करावा. ४० घरांची वाडी धरू. प्रत्येक घरात ९ वॉटचे चार दिवे पाच तास, ३० वॉटचा पंखा दहा तास, ६० वॉटचा टीव्ही तीन तास, आणि मोबाइलसाठी थोडी वीज. बेरीज होते सुमारे ७०० वॉट-तास, म्हणजे पाऊण युनिटाच्या आत. ४० घरांचे २८ युनिट, पिठाच्या गिरणीचे ७, रस्त्यावरच्या दिव्यांचे ३, एकूण ३८. तारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतली घट धरली, तर रोज ५० युनिट तरी निर्माण व्हावयास हवेत. दोन दिवसांचा साठा ठेवावयाचा तर ७६ युनिट लागतील. पण शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरली की तिचे आयुष्य घटते. म्हणून बॅटरी दीडशे युनिटांची हवी. गिरणी रात्री न चालवता भर दुपारी चालवली, तर बॅटरीवरचा भार तेवढाच हलका होतो.

आता मिळकतीची बाजू पाहू. आपल्याकडे एक किलोवॅटच्या सौर पट्ट्या वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतात. म्हणजे साडेबारा किलोवॅटमध्ये भागावे. पण सरासरीवर पोट भरत नाही. आषाढात आभाळ भरून आले की उत्पन्न कोसळते. नेमका त्याच दिवसांत सह्याद्रीच्या पठारांवर वारा जोर धरतो. साताऱ्याजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या याच वाऱ्याच्या भरवशावर. पाऊस सरला की वारा मंदावतो आणि ऊन परत येते. एकाच्या तोट्याच्या दिवसांत दुसरा हात देतो, म्हणून ही जोडी.

मात्र वाऱ्याचा हिशेब कडक आहे. त्याचा वेग निम्मा झाला की त्यातली शक्ती निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते. तेव्हा चक्की ज्या उंचीवर बसावयाची, त्या उंचीवर वर्षभर वारा मोजल्यावाचून पैसे देऊ नयेत. झाडांच्या आणि घरांच्या आडोशाला उभी केलेली चक्की शोभेला उरते.

इतके झाले तरी योजना तगेल असे नाही. बिहारमधल्या धरनई गावात २०१४ साली १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प गाजावाजाने सुरू झाला. पुढे सरकारी वीज गावात आली, बॅटऱ्या निकामी झाल्या, प्रकल्प बंद पडला आणि त्याच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. सूर्य काही संपावर गेला नव्हता.

उलट उदाहरण स्कॉटलंडच्या एग बेटाचे. तिथली वस्ती शंभराच्या आसपास. १९९७ साली रहिवाशांच्या संस्थेने बेट जमीनदाराकडून विकत घेतले. घरोघर डिझेलची जनित्रे धडधडत. २००८ च्या फेब्रुवारीत त्यांनी स्वतःची वीजयोजना सुरू केली: ओढ्यांवरची जलविद्युत, ६ किलोवॅटच्या चार पवनचक्क्या, आरंभी सुमारे १० किलोवॅटच्या सौर पट्ट्या, मधे बॅटऱ्या, आणि अडीअडचणीला डिझेल. आणि सर्वांत मोलाचे यंत्र म्हणजे एक नियम: प्रत्येक घराला एका वेळी ५ किलोवॅट, धंद्याला १०. घर लहान असो वा मोठे, मर्यादा तीच. ती ओलांडली की जोडणी तुटते. देखभालीचे शिक्षण बेटावरच्याच माणसांनी घेतले. वारा-पाणी मुबलक असले, म्हणजे शिल्लक वीज सार्वजनिक इमारती ऊबदार ठेवण्यास वापरतात.

मंडळी, आपल्या वाडीला इतके किलोवॅट लागणार नाहीत. नियम मात्र लागेल. वाडीची सभा भरवावी, बायकांनाही बोलवावे, कारण पिठाची आणि पाण्याची वेळ त्यांना ठाऊक. घराची मर्यादा किती, ती मोडली तर काय, हे पट्ट्या येण्याआधी ठरावे. दोन मुलामुलींना दुरुस्तीचे काम शिकवावे आणि त्याचा मोबदला द्यावा. फुकटचा राबता फार दिवस टिकत नाही. आणि पहिल्या महिन्यापासून घरटी वर्गणी काढून बॅटरीचा निधी साठवावा. बॅटरी एक दिवस मरणारच; त्या दिवशी पेटीत पैसा नसला, तर योजनाही तिच्याबरोबर जाते. पुढेमागे सरकारी तार येईल, तेव्हा तिला आपली वीज कशी जोडावयाची याचाही विचार आजच करावा.

ऊन आणि वारा कुणाच्या मालकीचे नाहीत. पण त्यांतून निघालेली वीज एकदा तारेत शिरली, की पाटलाच्या वाड्यात तिचा झोत पडायचा आणि टोकाच्या झोपडीत दिवा मिणमिणायचा, हे घडू शकते. ते घडू द्यायचे की नाही, हे ठरवणे मात्र आपल्या हाती आहे. एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.