नवी म्हणजे कोणत्या दिवसाची नवी?

2016 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे लँड रोव्हर कंपनीने एक अजब विक्री जाहीर केली. माल होता पहिल्या पिढीतल्या, 1948 ते 1958 या काळात बनलेल्या ‘सिरीज वन’ गाड्यांचा. कंपनी अशा 25 जुन्या गाड्या शोधून काढणार, इंग्लंडात सोलिहलच्या आपल्याच कारखान्यात त्यांचा नट अन् नट सुटा करणार आणि गिऱ्हाइकाच्या हाती कोऱ्या करून देणार. त्याच वर्षी 29 जानेवारीला याच कारखान्यातून या घराण्याची शेवटची जुन्या घडणीची डिफेंडर बाहेर पडली होती. नवी बनवणे थांबले आणि जुनी नवी करणे सुरू झाले, तेही तीन महिन्यांच्या आत.

घराला रंग दिला की ते नवे होत नाही, नव्यासारखे होते. मराठीतला हा ‘सारखे’ फार कामाचा आहे आणि जुन्या गाड्यांच्या धंद्यातली निम्मी भांडणे त्याच्याभोवतीच होतात. गाडी नव्यासारखी करायची, पण कोणत्या नव्यासारखी? शोरूममध्ये आज उभ्या असलेल्या गाडीसारखी, की 1948 साली ती कारखान्याबाहेर पडली त्या सकाळसारखी?

त्या सकाळी ती काही राजकन्या नव्हती. रोव्हर कंपनीचे अभियंता मॉरिस विल्क्स यांची वेल्समधल्या अँगलसी बेटावर शेती होती आणि तिथे ते युद्धातून उरलेली अमेरिकन विलीज जीप वापरत. ती मोडीत निघाली तर पुढे काय, या विवंचनेतून 1947 मध्ये त्यांनी समुद्रकाठच्या वाळूत नव्या गाडीचा आराखडा रेखला, असे सांगतात. पहिला नमुना तर जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. 30 एप्रिल 1948 रोजी ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर जगापुढे आली. किंमत 450 पौंड. रोव्हरच्या मोटारींची घडी पुन्हा बसेपर्यंत चार पैसे मिळवून देणारी तात्पुरती सोय, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती.

युद्धानंतरच्या इंग्लंडात पोलाद रेशनवर मिळे. म्हणून अंगाचा पत्रा बर्माब्राइटचा, म्हणजे ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा. महागडे साचे परवडत नव्हते, म्हणून पत्रे जमेल तितके सपाट, कडेला वाकवलेले. गाडीचा सांगाडा, आपले मिस्त्री ज्याला ‘चासी’ म्हणतात, तोही पोलादाच्या चार सरळ पट्ट्या एकमेकींना वेल्ड करून केलेल्या लांबट पेट्यांचा. सुरुवातीचा तो फिकट हिरवा रंगही लढाऊ विमानांसाठी बनलेल्या साठ्यातला. काटकसर हाच तिचा आराखडा होता. ती जशी होती तशी करायची, तर ही काटकसरही परत आणावी लागते, आणि भरपूर पैसे खर्चून काटकसर आणणे भल्याभल्यांना जमत नाही.

कामाला हात घातला की आधी चासी बोलते. चिखल आणि पाणी त्या पोकळ पेट्यांत शिरते, बाहेर पडत नाही आणि लोखंड आतून खाते. वरून रंग शाबूत. मुरलेला मिस्त्री डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही; हातोडी घेऊन टोक ते टोक वाजवत जातो. ठणठणीत आवाज आला तर पुढे जायचे, बद्द आवाज आला तर खडूने खूण करायची. चासीला किती ठिगळे लावायची आणि कधी हात टेकून नवी आणायची, हा पहिला मोठा निर्णय. जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी आज बाजारात मिळते, ती शंभर पावसाळे काढील. पण गाडीची ओळख, तिचा क्रमांक, जुन्या चासीशी बांधलेला असतो. चासी बदलली, मग इंजिन बदलले, मग पत्रे बदलले, तर उरली ती कोणती गाडी?

चासीनंतर इंजिन आणि चालक यांच्या मधली भिंत. ती पोलादी, त्यामुळे पाय ठेवायच्या जागी हमखास कुजलेली. ॲल्युमिनियमला गंज नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण जिथे ते पोलादाला टेकते आणि ओल धरते, तिथे पांढरी भुकटी होऊन झडते. पोचा आलेला पत्रा नुसता ठोकत राहिले तर ठोकून ठोकून कडक होतो आणि तडकतो. त्यावर जुन्या कारागिरांचा उपाय साधा आहे. पत्र्याला अंगाचा साबण फासायचा आणि मागून गॅसची ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की ज्योत बाजूला. पत्रा तेवढ्यापुरता मऊ होतो आणि हातोडीला दाद देतो. क्षणभर जास्त थांबले तर भोक. थर्मामीटर नाही, मीटर नाही, वडीवर चालणारे हे शास्त्र. ज्याला एवढा धीर नाही तो पोच्यात पुट्टी भरतो आणि वरून सपाट घासतो.

पान्यांचीही एक कटकट. या गाडीचे बरेच नटबोल्ट जुन्या ब्रिटिश मापांचे, व्हिटवर्थ घराण्यातले. मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की घसरतो आणि बोल्टच्या कडा गोल करून ठेवतो. सत्तर वर्षांत कुणी ना कुणी हा पराक्रम केलेलाच असतो.

खरा घोळ रंगाला होतो. मूळ कारखान्यात रंग कामचलाऊ होता; वेल्डचे ठिपके आणि सांध्यांच्या फटी उघड दिसत. आजचा हौशी मालक मात्र आरशासारखी चकाकी मागतो. जस्ताचा करडा मुलामा असलेल्या कडांना क्रोम चढवतो. गाडी 1948 साली कधीच नव्हती इतकी सुंदर होते, आणि जाणकार तिच्याकडे पाठ फिरवतात. ज्या गाडीला दरवाजे हवे तर जादा पैसे मोजावे लागत, तिला मखमली गालिचा शोभेल कसा?

लँड रोव्हरलाही हे उमगलेले दिसते. ॲमस्टरडॅमच्या 1948 च्या प्रदर्शनातल्या तीन गाड्यांपैकी एक बरीच वर्षे बेपत्ता होती. ती सापडली सोलिहलपासून काही मैलांवरच्या एका बागेत, अर्धवट उघडलेल्या अवस्थेत. 2018 मध्ये, सत्तरीच्या निमित्ताने, कंपनीने तिला चालती करायला घेतले आणि जाहीर केले, की 1948 चा मूळ हिरवा रंग जसा उरला असेल तसाच ठेवला जाईल. उत्पादनातली पहिली लँड रोव्हर, ‘जेयूई 477’, हिचीही कथा तशीच. ती अनेक वर्षे शेतात सडत होती. तिला पुन्हा रस्त्यावर आणताना झिजलेला रंग आणि पोचे जपले गेले. 2016 मध्ये नव्यासारख्या गाड्या विकायला काढणारी कंपनी ॲमस्टरडॅमच्या त्या गाडीला मात्र नवे करायला धजली नाही.

जीपच्या घरात हाच वाद वेगळ्या बोलीत चालतो. युद्धातल्या जीपा विलीजनेही बनवल्या आणि फोर्डनेही. दिसायला जुळ्या, पण फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ अक्षर उमटवले. तो ‘एफ’ असलेले बोल्ट एकेक करून जमवण्यात आयुष्य घालवणारे लोक आहेत. आपल्याकडे महिंद्रने विलीजच्या जीपा जोडायला घेतल्या, आणि पुढे देशभर पसरली ती ‘सीजे थ्री बी’. तिचे हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. हौशी लोक ते उंच बॉनेट काढून ‘लो बॉनेट’ बसवतात, ऑलिव्ह रंग देतात आणि पांढरा तारा रंगवून तिला महायुद्धातली म्हणवतात. हरियाणातल्या मंडी डबवालीत अशा मनाजोगत्या जीपा बनवण्याचा मोठा बाजारच आहे. पण जाळीतल्या फटी मोजल्या की पितळ उघडे पडते: युद्धातल्या जीपला नऊ, थ्री बीला सात. एका अस्सल भारतीय जीपचा खोट्या अमेरिकन जीपसाठी बळी द्यावा, हे काही पटत नाही.

2021 मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार न झालेली गाडी असेल तर नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे मिळतात. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. ‘लो बॉनेट’वाल्यांना ही अट जाचणारच.

आणि दार्जिलिंग जिल्ह्यातल्या मानेभंज्यांगच्या गाड्या या नियमाजवळही फिरकणार नाहीत. तिथे 1950 च्या दशकातल्या चाळीसेक लँड रोव्हर पर्यटकांना घेऊन 3,636 मीटर उंचीच्या संदकफूपर्यंत चढत आल्या आहेत. अनेकींचे पेट्रोल इंजिन केव्हाच गेले. आत भारतीय डिझेल धडधडते. जो भाग मिळेल तो बसवायचा, मिळाला नाही तर घडवायचा, आणि सकाळी पुन्हा चढणीला लागायचे. आता त्या वाटेवर बराच काँक्रीटचा रस्ता झाला आहे. त्यावर त्यांना मागे टाकून पुढे जाते ती महिंद्रची बोलेरो. ज्या जीपवरून विल्क्सना लँड रोव्हर सुचली, तिचीच भारतातली नात.