आधी काय, मग काय
(दर्यापूरच्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



मी गोदीतला हमाल. शिक्षण मॅट्रिक. फिल्मचा कोर्स केलेला नाही, पण जहाज भरता येतं. जो माल शेवटच्या बंदरात उतरायचा, तो तळाला आधी जातो. क्रम चुकला की वरचा सगळा माल उपसावा लागतो. डॉक्युमेंटरीचा सिक्वेन्स असाच. शेवटी काय दाखवायचं ते आधी ठरवा, मग कॅमेरा काढा.

या क्रमात राजकारण असतं. 11 जुलै 1997. घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक रस्त्यावर आले. एसआरपीनं गोळ्या घातल्या, 10 माणसं मेली. पोलीस म्हणाले, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. टँकर आधी, गोळी नंतर, असं जोडलं की मेलेलाच गुन्हेगार ठरतो! गुंडेवार आयोगानं पुढे हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. असला दावा तपासायचा तर काय शूट कराल? रडणारी आई? ती तर सगळेच दाखवतात. टँकर होता तिथपासून माणूस पडला तिथवर चाला, कॅमेरा बंद न करता. अंतर बघणाऱ्याला मोजू द्या.

चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. आनंद पटवर्धनांनी 1985 च्या 'बॉम्बे अवर सिटी'साठी त्यांचं गाणं टिपलं होतं. पुढे 14 वर्षं शूटिंग करून 2011 साली 'जय भीम कॉम्रेड' आला. त्यात घोगरे पुन्हा गातात, कारण जुनं चित्रण जपलेलं होतं.

आता तुमचं दर्यापूर. खारपाणपट्टा. विहिरीला पाणी हाय, पण तोंडात धरवत नाही. काढा यावर फिल्म. पहिले दोन दिवस कॅमेरा घरीच ठेवा. बाया पाण्याला किती वाजता निघतात, कुठल्या नळावर थांबतात, आधी कोण भरतं, सगळं वहीत लिहा. मग पाच शॉट: लांबून वस्ती, रिकामा हंडा, अख्खी वाट न तोडता, नळावरची रांग, भांड्यावर चढलेला खाराचा पांढरा थर. दहा मोजेस्तोवर कॅमेरा हलवू नका. हंड्यांचा, भांडणाचा आवाज वेगळा घ्या. चेहरा घेण्याआधी विचारा. जोडलेली फिल्म पहिल्यांदा त्याच बायांना दाखवा. मूळ चित्रण तारीख-वेळ टाकून दोन घरी ठेवा.

उद्या कुणी साहेब म्हणेल, इथं सगळ्यांना सारखंच पाणी मिळतं. तेव्हा घोषणा नंतर द्या. आधी त्याला ती वाट दाखवा, न तोडता.

जय भीम.